येवल्याची अंबा : एका दीर्घ कारकीर्दीचा इतिहास

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा श्रोत्यांच्या मनात असते. देवगिरीच्या सावलीत वाढलेल्या या नगरात तर ती असणारच. तेव्हा आजचा विषय एका नटीची कारकीर्द हा आहे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यात नवल नाही. परंतु इतिहास म्हणजे केवळ सिंहासनांचा हिशेब नव्हे. माणसांनी कोणती कामे केली आणि मागून आलेल्यांनी त्यांतले काय लक्षात ठेवले, काय विसरून टाकले, हाही इतिहासाचाच प्रांत होय. या दुसऱ्या बाबतीत आपणा सर्वांकडून एक मोठी चूक झाली आहे, असे आम्हांस वाटते. ती मांडण्यासाठी आजचा हा प्रपंच.

१९८७ सालच्या रविवारच्या सकाळी आठवून पाहा. साडेनऊच्या सुमारास गुलमंडीसारखी गजबजलेली जागाही ओस पडे. ज्याच्या घरी दूरदर्शनचा संच असे त्याच्या घरी सारी आळी जमे, दाराबाहेर चपलांचा ढीग पडे आणि रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू होई. त्यात कैकेयीचे कान भरणारी कुबडी मंथरा आली की जमलेल्या आजीबाई कडाकडा बोटे मोडीत. ही मंथरा म्हणजे ललिताबाई पवार. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास त्यांना जवळजवळ साठ वर्षे झाली होती. त्या साठ वर्षांची मात्र आमच्यापैकी कोणासच चौकशी करावीशी वाटली नाही. चेहरा घरोघरी ओळखीचा आणि कारकीर्द सर्वांस अनोळखी, असा हा प्रकार आहे.

ललिताबाई तशा आपल्या शेजारच्याच. १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यास त्यांचा जन्म झाला. मूळचे नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. वडील रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. येवला आणि आमचे पैठण यांना पैठणीच्या धाग्याने एकत्र बांधलेले आहे, हे येथे नव्याने सांगावयास नको. तरी त्या काळी दोहोंच्या मध्ये एक सरहद्द होती. येवला इंग्रजांच्या नाशिक जिल्ह्यात, तर पलीकडचे वैजापूर निजामाच्या राज्यात. मनमाडहून निघालेली रेल्वेगाडी येवले तालुक्यातील नगरसूल मागे टाकून रोटेगावकडे वळली की राज्य बदले. ही सरहद्द १९४८ पर्यंत राहिली. परंतु पडद्यावरचे मुके चित्र सरहद्दी मानीत नसे. बोलणारे शब्दच नसल्याने ते मराठी मुलखात समजे तसेच उर्दूच्या राज्यातही समजे.

या मूकपटांच्या दुनियेत अंबाने लहान वयातच पाऊल टाकले. पुण्यात सरपोतदारांच्या मूकपटांत तिने बालनटी म्हणून कामे केली. १९२८ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा तिच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या पुरुषास लुगडे नेसवावे लागले. त्यास पुरती पंधरा वर्षेही लोटली नव्हती. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करून वाट पाडली होती खरी, तथापि त्या वाटेने चालणाऱ्या मुलीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरची पोर त्या वाटेने निघाली. ती पुढे सात दशके त्याच वाटेवर राहिली.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. ललिताबाईंविषयी एकच गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणाच्या वेळी त्या काळी नवखे असलेले भगवान यांनी प्रसंगाच्या भरात त्यांना जोराची थप्पड मारली. तिने त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, पुष्कळ काळ उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. येथवरची हकीकत खरी आहे. परंतु सांगणारा तिला पुढे एक शेपूट जोडतो : ‘त्या थपडेमुळेच तर त्या सासू झाल्या, नाहीतर त्यांना कोण ओळखले असते?’ ही जोड आम्हांस मान्य नाही. एका क्षणाच्या अपघातास कर्ता करावयाचे आणि सत्तर वर्षांच्या कष्टांस कर्म करावयाचे, हे इतिहासाचे व्याकरण नव्हे.

म्हणून त्या थपडेच्या अगोदरची चौदा वर्षे पाहू. मूकपटांचा पुरावा मिळणे फार कठीण. भारतात त्या काळी तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले, त्यांपैकी आज पुरे वा अपुरे हाती लागतात ते तिसाच्या आतबाहेर. त्या वेळच्या फिती नायट्रेटच्या, भडकन पेट घेणाऱ्या. काही जळल्या, काही कुजल्या, तर काहींमधील चांदी काढून घेण्यासाठी लोकांनीच त्या वितळविल्या. सुदैवाने वाचलेल्या थोड्या चित्रपटांत ललिताबाईंचा एक आहे : १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’. दिग्दर्शक जी. पी. पवार. ललिताबाईंचे पहिले लग्न याच पवारांशी झाले आणि पवार हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे हा चित्रपट अभ्यासकांस पाहावयास मिळतो.

त्या चित्रपटात काय दिसते? खाष्ट सासू नव्हे, कुबडी दासीही नव्हे. दिसते ती सारंगा नावाची पंधरा वर्षांची चपळ मुलगी. डोंबाऱ्याच्या खेळातली कसरत करणारी, आणि वेळ येताच तोंडावर बुरखा चढवून, हाती तलवार घेऊन अन्यायाचा सूड उगवणारी! पाश्चात्त्य साहसपटांची ही धाटणी आपल्याकडे त्या काळी लोकप्रिय होती, परंतु येथे बुरख्याआड स्त्री आहे. ज्या चेहऱ्याने पुढे तीन पिढ्यांस धाक घातला, त्या चेहऱ्यावर येथे निर्भेळ उत्साह आहे. मंथरेवर बोटे मोडणाऱ्यांपैकी कोणास ही सारंगा ठाऊक होती?

एवढ्यावरच हे थांबत नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. बोलपट आले तेव्हा मूकपटांतली कित्येक नावे एका रात्रीत पुसली गेली. कोणाचा आवाज चालेना, कोणाची भाषा. ललिताबाई टिकल्या. १९३५ चा ‘हिम्मत-ए-मर्दां’ हा त्यांचा गाजलेला बोलपट. पुढे ‘दुनिया क्या है’ हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला, तोही टॉलस्टॉयच्या कादंबरीच्या आधारे. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये त्या होत्या, खांडेकरांच्या कथेवरील ‘अमृत’मध्येही होत्या. म्हणजे थप्पड बसली ती कोणा अननुभवी मुलीस नव्हे. मूकपट आणि बोलपट दोन्ही कोळून प्यालेल्या, निर्मितीचा जमाखर्च जाणणाऱ्या एका कसलेल्या अभिनेत्रीस ती बसली.

दुसरा पुरावा कालक्रमाचा. १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला. त्यातील आनंदीबाई ललिताबाईंनी केली. नारायणरावाच्या खुनाचा डाग ज्या नावावर आहे, ती आनंदीबाई. प्रभातसारख्या चोखंदळ संस्थेने ही भूमिका त्यांच्याकडे सोपविली, ती डोळा बारीक झाला म्हणून की अभिनय येत होता म्हणून? बारीक डोळे पुष्कळांचे असतात, परंतु सगळ्यांची आनंदीबाई होत नाही.

मग नायिकेची सासू कशी झाली? आमच्या मते याचे उत्तर थपडेत शोधण्यापेक्षा चित्रपटधंद्याच्या रीतीत शोधावे. तिशी उलटलेल्या स्त्रीस त्या धंद्यात दोनच जागा होत्या : पडद्यावर आईसासू व्हावे, नाहीतर घरी बसावे. नायक पन्नाशीतही बागेत गाणी म्हणत फिरत, नायिकेस ती सवलत नव्हती. अपघाताने दार लौकर लावले असेल, परंतु ते दार लागणारच होते. ललिताबाईंनी मिळालेल्या लहान जागेत आपला संसार थाटला आणि तो इतका मोठा केला की नायकनायिकांच्या चार पिढ्या आल्या नि गेल्या, ही सासू मात्र जागची हलली नाही. अपघाताने आलेले वैगुण्यही त्यांनी लपविले नाही, कामास लावले. समोरच्यास तोलत, किंचित मिटल्या डोळ्याने पाहण्याची त्यांची ती तऱ्हा संवादाच्या आधीच निम्मे बोलून जाई.

आणि सासू म्हणजे तरी एकच का? शांतारामबापूंच्या ‘दहेज’मधली हुंड्यापायी सुनेस छळणारी सासू पाहा. मग ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई पाहा, तिच्या शिव्यांत माया आहे. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधील पुरुषद्वेष्टी आत्या पाहा, आणि ‘प्रोफेसर’मध्ये म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या शिक्षकावर भाळून आरशापुढे लाजणारी प्रौढा पाहा. ‘अनाडी’तली घरमालकीण मिसेस डीसा तर आठवणीतून जात नाही. जिभेने तिखट आणि मनाने लोण्याची ती ख्रिस्ती बाई भेसळीच्या औषधाने मरते, तेव्हा प्रेक्षागृहात रुमाल निघत. त्या भूमिकेस फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही ललिताबाईंचा सन्मान केला.

येथे एका भूमिकेचा आवर्जून उल्लेख करतो. १९५९ साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलीचा विटाळ मानणारी म्हातारी उभी केली. ज्या येवल्यात ललिताबाई जन्मल्या, त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. या दोन गोष्टींचा कार्यकारण संबंध आम्ही जोडीत नाही. एवढेच म्हणतो की, प्रेक्षकाने ज्या वृत्तीचा तिटकारा करावयास हवा, ती वृत्ती कोणी तरी आपल्या अंगावर घेतल्याशिवाय त्यास दिसत नाही. नायिकेचे काम करणारीस प्रेम मिळते, हे काम करणारीस शिव्या मिळतात. तरी समाजास आरसा दाखविण्याचे काम बहुधा दुसरीच करीत असते.

शिव्यांवरून आठवले. आमच्याच घरी, एका नव्या सुनेची सासू फार कडक आहे असे कानी आले, तेव्हा ‘अगदी ललिता पवार आहे हो!’ असे आम्ही हसत हसत म्हणालो होतो. तेव्हा त्यात काही गैर वाटले नाही. आज वाटते. एका कष्टाळू स्त्रीचे नाव आम्ही विशेषनामाचे सामान्यनाम केले, तेही निंदेचे. एखादा नट खलनायक झाला तर त्याच्या कलेचे कौतुक करताना आपण ‘काय काम केले!’ म्हणतो. नटीच्या बाबतीत ‘काय बाई आहे!’ म्हणतो. कला आणि माणूस यांतील हे अंतर आपण पुरुषांपुरतेच का राखले, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

१९६१ साली ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात ललिताबाईंनी मंथरा केली होती, सव्वीस वर्षांनी दूरदर्शनवर पुन्हा तीच केली. पहिल्या वेळी प्रेक्षक तिकीट काढून तिच्याकडे गेले होते, दुसऱ्या वेळी ती आपण होऊन घराघरांत आली. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरदर्शन ही करमणुकीची चारही युगे एकाच देहाने पार केली, अशी माणसे आपल्याकडे किती निघतील? २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या.

त्यांची सारंगा वाचली, कारण एक फीत योगायोगाने शिल्लक राहिली. ज्यांच्या फिती राहिल्या नाहीत त्यांचे काय? आपल्या मराठवाड्यातही फडावर, रंगभूमीवर, आकाशवाणीवर, पडद्यावर आयुष्य वेचलेल्या कितीतरी स्त्रिया असतील. त्यांची छायाचित्रे कोणाच्या ट्रंकेत, जाहिरातीची पत्रके कोणाच्या माळ्यावर, आठवणी कोणा वृद्धेच्या ओठांवर असतील. घरी जाल तेव्हा ती ट्रंक उघडा. पत्रकामागे साल लिहून ठेवा, छायाचित्रामागे नाव लिहा. त्या वृद्धेस विचारा, आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या. नाहीतर पन्नास वर्षांनी याच व्यासपीठावरून कोणी तरी तिची गोष्ट सांगेल, आणि तिच्या साऱ्या आयुष्यातून त्याच्या हाती एखादी थप्पडच तेवढी उरलेली असेल.