बर्लिनच्या छपरांवरची इर्जिक

‘इर्जिक’ हा शब्द आठवतो? एखाद्याचं शेतीचं काम अडलं की गावकरी आपापली औतं घेऊन जायचे आणि मजुरी न घेता, नुसत्या जेवणावर ते उरकून द्यायचे. मी बर्लिनमध्ये नेटवर्कचीच कामं करतो. इथल्या ‘फ्रायफुंक’ या मोफत वायरलेस जाळ्याचा इतिहास वाचला आणि हाच शब्द आठवला.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्व भागात टेलिफोनचं जाळं नव्यानं टाकलं गेलं. अनेक वस्त्यांत तर थेट त्या काळची अत्याधुनिक ऑप्टिकल केबल! पुढे डीएसएल आलं, पण त्याला लागते तांब्याची तार. म्हणजे ज्यांना सगळ्यात नवं मिळालं होतं, तेच वेगवान इंटरनेटला मुकले.

१९९९ साली वाय-फायचं ८०२.११बी हे मानक आलं. त्याच्या लहरी वापरायला वेगळा परवाना लागत नव्हता. २००० साली लंडनमध्ये ‘कन्झ्यूम’ या गटानं अशी जाळी विणायला सुरुवात केली. ऑक्टोबर २००२ मध्ये ही मंडळी बर्लिनकरांना भेटली आणि त्यातूनच फ्रायफुंक उभं राहिलं.

युक्ती साधी आहे. एक राउटर शेजारच्या राउटरला निरोप देतो, तो पुढच्याला. मधला एखादा बंद पडला, तर निरोप दुसरी वाट शोधतो. छपरांवर, चर्चच्या मनोऱ्यांवर अँटेना चढले. सामील व्हायचं तर आपला राउटर घ्यायचा, त्यात फ्रायफुंकचं मोफत सॉफ्टवेअर भरायचं आणि तो खिडकीत ठेवायचा. मुख्य अट : दुसऱ्याची माहिती न अडवता, न बदलता पुढे जाऊ द्यायची.

खरी अडचण कायद्याची होती. परक्या माणसानं तुमच्या वाय-फायवरून गैरप्रकार केला, तर नोटीस तुमच्या दारात! मे २०१० मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयानंही वाय-फाय सुरक्षित न ठेवणाऱ्या मालकाला जबाबदार धरलं. मग कार्यकर्त्यांनी बरीच वाहतूक स्वीडनमार्गे वळवली.

कायदा सैल व्हायला २०१७ उजाडलं. पण त्याआधीच, २०१५ मध्ये, निर्वासितांच्या निवाऱ्यांत याच लोकांनी स्वखुशीनं राउटर बसवले. परक्या देशात उतरल्यावर घरी ‘पोचलो’ एवढंच कळवता येणं किती मोलाचं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.