काकांचा डबल

पत्त्यांच्या बाबतीत माझी मजल मेंढीकोटापर्यंतची. त्यापुढचे जे काही शिकलो ते आटगावात, माझ्या काकांकडे, आणि तेही बोलणी खाऊन. कसाऱ्याच्या बाजूला जाताना कल्याणनंतरचे सातवे स्टेशन आटगाव. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ साली पोचली. ब्रिजला मात्र आटगावात पोचायला काकांच्या निवृत्तीची वाट पाहावी लागली. मुंबईच्या कचेरीत पस्तीस वर्षे मधल्या सुट्टीत ब्रिज खेळलेला हा माणूस भातखाचरांच्या कडेला घर बांधून राहिला आणि महिन्याभरात त्याने दोन गडी हुडकून काढले. एक शाळेतले मास्तर, दुसरे डॉक्टर. चौथा गडी म्हणून दर रविवारी डोंबिवलीहून माझी आयात होत असे.

१९८४ च्या पावसाळ्यातला एक डाव मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टरांनी चौकट बोलून सुरुवात केली, मास्तरांनी इस्पिक काढले, आणि एकमेकांना चढवत दोघे सहा इस्पिकांवर जाऊन बसले. म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी बारा हात करण्याची प्रतिज्ञा. यालाच स्लॅम म्हणतात. तेवढ्यात काका गरजले, "डबल!"

उतारी माझी. हातात किलवरचे राजा, राणी, गुलाम आणि चौकटची सहा चिल्लर पाने. घरात पुरणपोळी असताना खानावळीत कोण जाईल? मी ऐटीत किलवरचा राजा उतरलो. डॉक्टरांच्या पानांत एक्का होता. मास्तरांनी हुकूम ओढून घेतले, डॉक्टरांच्या चौकटवर आपली फालतू पाने फेकली आणि काकांना बदामचा एक्का तेवढा मिळू दिला. बारा हात पुरे!

काकांनी आपली पाने उलटी करून दाखवली होती. त्यांत चौकटचे एकही पान नव्हते. मी चौकट उतरलो असतो तर त्यांनी हुकमाने मारले असते, वर बदामचा एक्का ओढला असता, आणि मास्तर एका हाताने बुडाले असते.

"डबल ऐकू आला होता ना?" काकांनी विचारले.

"आला की. म्हणजे तुमच्याकडे भक्कम पानं आहेत असं मला..."

"भक्कम पानं माझ्याकडे असती तर ते सहावर कशाला गेले असते, गाढवा?"

याला उत्तर नव्हते. मग चहा होईपर्यंत इतिहासाचा तास झाला.

१९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन श्रीमंताने बोटीच्या प्रवासात ब्रिजची नवी गुणपद्धत बसवली. पूर्वी बारा हात झाले की बोली लावलेली नसली तरी बक्षीस मिळे. आता आधी बोलायचे आणि मग करून दाखवायचे. साहजिकच लोक स्लॅम बोलू लागले आणि समोरचे चिडून डबल देऊ लागले. स्लॅमवरचा डबल म्हणजे दंड, एवढाच अर्थ तेव्हा सगळ्यांना ठाऊक.

१९२९ च्या सुमारास थिओडोर लाइटनर या अमेरिकन खेळाडूने वाण्यासारखा हिशेब मांडला. (१९३१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कल्बर्टसन-लेन्झ सामन्यात काही बैठकींना कल्बर्टसनचा भिडू म्हणून बसला तोच हा.) स्वखुशीने स्लॅम बोलणारे बुडाले तर बहुधा एकाच हाताने बुडतात. आमच्याच डावाचे घ्या. मास्तर बुडते तर साधे पन्नास गुण, डबलने शंभर. म्हणजे फायदा पन्नासाचा. स्लॅम झाला तर मात्र डबलपायी त्यांना दोनशे तीस गुण जास्त. पन्नासासाठी दोनशे तीस पणाला कोण लावील? तेव्हा या शब्दाला दुसरे काम द्यावे, असे लाइटनरने ठरवले. उतारी नसलेल्या गड्याने स्लॅमला डबल दिला की त्याचा अर्थ, "भिडू, नेहमीचं पान उतरू नकोस." हुकूम नको, आपण बोललेला रंग नको, कुणीच न बोललेलाही नको. डमी होणाऱ्याने पहिल्यांदा जो रंग बोलला, बहुतेक वेळा तो हवा.

यात चोरून काही नाही. भिडूकडे पाहून नाक खाजवणे ही लबाडी. डबलचा अर्थ मात्र विरुद्ध पक्षालाही विचारता येतो. मास्तर सावध असते तर बिनहुकमी सहावर पळून गेले असते. म्हणजे सगळ्यांदेखत ओरडून सांगायचे, आणि भिडूलाच तेवढे कळले नाही तर दोनशे तीस गुणांनी मरायचे!

"गुणांचं काही नाही रे," काका शेवटी म्हणाले. "पण मी एवढ्यांदा सांगितलं आणि तुला तुझा राजाच दिसला." हे मात्र मला लागले.

वर्षे गेली. मास्तर मुलाकडे नाशिकला गेले, डॉक्टर वारले, पाठोपाठ काकूही गेल्या. डाव मोडला आणि माझे रविवारही विरळ झाले. (२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिजमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, ते ऐकायला काकू हव्या होत्या. पत्त्यांनी घरे बुडतात असे त्यांचे ठाम मत होते.)

एका श्रावणात काकांचा फोन आला. "या रविवारी येऊ नकोस. पाऊस फार आहे, गाड्यांचा भरवसा नाही," असे त्यांनी जरा जास्तच मोठ्याने सांगितले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. रविवार घरी, दुपारी झोप. म्हणजे पुन्हा किलवरचा राजाच. चहाचा कप हातात घेतला आणि चमकलो. पावसाची आणि गाडीची काळजी या माणसाने उभ्या आयुष्यात केली नव्हती. मग आजच का?

रविवारी कसारा लोकल धरली. गाडी वाशिंदला अर्धा तास थांबली, आटगावात गुडघाभर चिखल होता. काका ओट्यावर एकटे बसले होते आणि समोर चार वाटे पाने पडली होती.

"येऊ नकोस म्हटलं होतं ना?" ते म्हणाले.

"ऐकलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, चारी वाटे गोळा केले आणि पिसायला घेतले. "पाय धुऊन ये," म्हणाले. "दोघांत ब्रिज होत नाही. रमी खेळू."