चार पावसाळ्यांनंतरची गाडी

नवी मोटारसायकल शोरूममधून बाहेर पडते तेव्हा ती आरामदायीच असते. सीटचा फोम ताठ असतो, शॉकअपमध्ये तेल पुरेसं असतं, क्लच बोटभर दाबला तरी सुटतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मात्र गाडीची खरी पारख त्या दिवशी कधीच झाली नाही. काळ्या रानाच्या वाटेवर, मागे दोन माणसं आणि पुढे टाकीवर पोतं घेऊन चार पावसाळे काढल्यावर गाडी कशी आहे, हा इथला प्रश्न. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कोणती गाडी इथे रुजली आणि कोणती उखडली गेली, याचं उत्तर त्या प्रश्नात सापडतं. ‘स्वस्त आणि अ‍ॅव्हरेज देणारी गाडी जिंकली’ हे नेहमीचं स्पष्टीकरण खोटं नसलं तरी अपुरं आहे.

आधी जमीन पाहू. हा मुलूख 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग नांदेडवरून गेला, तर लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पोचली. या दोन शहरांच्या मधला लोहा, कंधार, अहमदपूर, मुखेड हा सगळा पट्टा रेल्वेविना राहिला. रस्ते करायचे तर खाली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरची खडी-डांबराची साल दोन्ही वेळा हलते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो बायामाणसांनी खडी फोडली, माती ओढली, आणि त्यातून गावोगावचे कच्चे रस्ते झाले. पुढे रोजगार हमीच्या कायद्याने ते काम चालू ठेवलं. खेड्यात फटफटी पोचली ती याच रस्त्यांवरून. मोटारसायकलीच्या इतिहासात कारखान्यांची नावं येतात. उपाशीपोटी खडी फोडणारे ते हातही त्यात यायला हवेत.

त्या काळच्या गाड्या मोजक्याच होत्या: मद्रासची बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरची जावा आणि 1973 नंतर तिचंच येझदी हे रूप. बसायला बुलेट उत्तम, पण दीडशे किलोंहून जड असलेलं ते धूड चिखलात रुतलं तर एकट्याने निघत नसे. राजदूत आणि येझदी दणकट, पण दोन्ही टू-स्ट्रोक. काळाचा हिशेब इथेच सुरू होतो. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. त्याचा कार्बन पिस्टनच्या डोक्यावर, बाहेर जाणाऱ्या वाटेत आणि सायलेन्सरमध्ये साचत जातो. प्लग काळा पडतो, पिकअप मंदावतो. त्यात मिश्रणाचं माप चुकलं, तर पिस्टन धरण्याची भीती. म्हणजे गाडीची नवी असतानाची ताकद टिकवायची तर दर काही महिन्यांनी हेड उघडून कार्बन खरवडावा लागे. शहरात हे जमतं. ज्या गावात ST दिवसातून दोनदा येते, तिथे ते जमवणं कठीण.

स्कूटरसाठी देशभर लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबले होते. शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून यांच्या दारात ती उभी राहिलीही. पण बजाज सुपरचं चाक 8 इंची, चेतकचं 10 इंची. 18 इंची चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात छोटं चाक उतरतं आणि धक्का थेट मणक्यात जातो. शिवाय इंजिनाचं वजन एका अंगाला. स्टेपनी होती ही मोठी सोय, तरी पांदणीतून जाणं तिचं काम नव्हे. 1972 मध्ये आलेली नगरची लूना हलकी होती, स्वस्त होती, तेल कमी खायची. तीही शेताच्या वाटेवर टिकली नाही. 1986 ची बजाज एम-80 मात्र दूधवाल्यांनी उचलली, कारण तिला गिअर होते, चाकं मोठी होती आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकत.

मग आलं 1985. सरकारने जपानी सहकार्याने 100 सीसीच्या गाड्या करायला वाट मोकळी केली होती. त्या एकाच वर्षात दोन गाड्या बाजारात उतरल्या, त्यामुळे तुलना अगदी समोरासमोर होते. यामाहा आरएक्स 100 टू-स्ट्रोक, 98 सीसी, 11 अश्वशक्ती. हीरो होंडा सीडी 100 फोर-स्ट्रोक, 97 सीसी, जेमतेम सात-साडेसात अश्वशक्ती. पहिल्या दिवशी दोन्ही चालवल्या तर कोणीही यामाहाच निवडेल. तिचा पिकअप आजही लोक प्रेमाने आठवतात, आणि ते प्रेम खरं आहे. पण फोर-स्ट्रोकचं ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळं राहतं, जळत नाही. ते वेळेवर बदललं की झीज हळू होते. यामाहाची ताकद सांभाळली तरच टिकायची. सीडी 100 ची मुळातच कमी असलेली ताकद वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच राहायची. शेतकऱ्याने दुसरी निवडली. यामाहा 1996 मध्ये बंद झाली, त्यामागे धुराच्या नियमांचा मोठा वाटा होता. पण त्याआधीच, 1994 मध्ये स्प्लेंडर आली होती आणि खेड्यातली वाट तिने धरली होती.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं पेट्रोलच्या भावाने ठरवलं, आरामाचा काय संबंध? पण नुसतं अ‍ॅव्हरेजच निर्णायक असतं तर लूनाच टिकायला हवी होती. दुसरा आक्षेप असा की लोकांना निवडच नव्हती. 1985 पूर्वी हे खरं. त्यानंतर मात्र निवड भरपूर होती. मराठवाड्यात वाळूजला बजाजचा कारखानाच त्याच वर्षी सुरू झाला आणि वर्षभरात कावासाकीबरोबरची केबी 100 आली. लोकांनी निवड करूनच 100 सीसीची फोर-स्ट्रोक घेतली, आणि त्या निवडीत शरीराचा विचार होता. लांब सपाट सीट, सरळ पाठ ठेवून बसता येईल असं हँडल, ओझ्याप्रमाणे कडक करता येणारे मागचे शॉकअप, चिखल-धुळीपासून चेन राखणारं पूर्ण झाकण: तिघांच्या कुटुंबाला बाजाराला नेणाऱ्या गाडीत आराम म्हणजे हेच. रात्री आठला रानातून निघताना किक लागेल याची खात्री हाही आरामच, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गाडीची गरज आणखी वाढली. पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसली. अरुंद गल्ल्यांच्या दाट गावांऐवजी चौकोनी आखणीची, रुंद रस्त्यांची, ऐसपैस पसरलेली गावं झाली. घर सुरक्षित झालं, पण गावातल्या गावातलं अंतरही वाढलं, आणि अनेकांचं शेत लांब पडलं. पूर्वी पायी होणारं काम चाकावर गेलं.

आजचा सर्वांत गंभीर आक्षेप लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत आणि नांदेडच्या कॉलेजांबाहेर उभा दिसतो. 2001 मध्ये आलेल्या पल्सरपासून तरुण 150-200 सीसीकडे वळले आहेत. मग टिकण्याची कसोटी जुनी झाली का? मला वाटतं, इथे कसोटीपेक्षा रस्ता जास्त बदलला. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, लोहा, नांदेड असा बुटीबोरीकडे जाणारा 361 क्रमांकाचा महामार्ग रुंद झाला, आणि त्यावर ताशी 80 ने तासभर बसायचं तर 100 सीसीचं इंजिन थरथरतं, मुंग्या हातापर्यंत येतात. तिथे मोठ्या इंजिनात आराम आहे. त्याच महामार्गावरून आत वळून शिवारात गेलं की पुन्हा जुनी गाडीच बरी वाटते. म्हणून अनेक दारांत दोन्ही उभ्या असतात.

एप्रिल 2020 पासून धुराचे नवे बीएस-6 नियम आले, बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर गेला, इंधन फवारणारं इंजेक्शन आलं. थंडीत गाडी पटकन सुरू होते, चोक ओढावा लागत नाही, धूर कमी. पण टाकीखालचा रिझर्व्हचा कॉकही गेला. ज्या भागात पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून, तळाला आल्यावर कॉक फिरवून पंपापर्यंत पोचायची सवय होती, तिथे आता टाकी कोरडी पडू दिली तर आतला विजेचा पंप तापून बिघडतो. बाटलीतल्या गाळमिश्रित पेट्रोलने इंजेक्टर तुंबतो. आणि गावातल्या मिस्त्रीकडे पाने आहेत, स्कॅनर नाही. या गाड्यांचे चार पावसाळे सरले आहेत. त्यातल्या कितींना दुरुस्तीसाठी तालुक्याला न्यावं लागतं, ते आता गावोगावच्या गॅरेजांत कळू लागलं आहे.