धोबी तलावचं आजोळ

गोव्यातल्या बार्देस आणि सासष्टीच्या गावांतून एकोणिसाव्या शतकात पोरं मुंबईला निघायची ती बहुतेक एकेकटी. बापाने काढलेलं कर्ज, आईने बांधून दिलेली शिदोरी आणि गळ्यात जपमाळ, एवढाच संसार. पण पोरगं मुंबईला पोचायच्या आधीच गावाने तिथे त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली असे. तिला कूड म्हणत, आणि कागदोपत्री क्लब. धोबी तलाव, कावेल, डाबूल, माझगाव या भागांत अशा कुडी शेकड्याने झाल्या. गावागणिक एक, मोठं गाव असेल तर वाड्यागणिक एक. सरकारने काही केलं नाही, चर्चनेही हुकूम काढला नाही. गावातल्या माणसांनी महिन्याला थोडे थोडे पैसे काढून भाड्याने खोली घेतली आणि पुढे शंभर वर्षं ती चालवली. परदेशी जाणाऱ्या एकट्या माणसासाठी आपल्याकडच्या साध्या लोकांनी इतकी नेटकी व्यवस्था दुसरी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझं बालपण सावंतवाडीत गेलं, शाळा मराठी. आईचं माहेर मात्र बार्देसात. आईचे वडील, आमचे शापाय, तार्वोटी म्हणजे बोटीवरचे कामगार होते. बोटीच्या पँट्रीत काम करायचे. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी बोट आणि कूड या दोनच ठिकाणी काढली. घरी ते पाहुण्यासारखे येत.

गोव्याहून मुंबई म्हणजे तेव्हा परदेशच. इकडे पोर्तुगीज, तिकडे इंग्रज. भाषा वेगळी, नाणं वेगळं, कायदा वेगळा. पोटासाठी गाव सोडायची कारणं साधी होती. शेतजमीन कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, गावकऱ्यांकडे आणि भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे. त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या हाती झोपडीखालची जागासुद्धा नाही. 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मिठागरांवर जगणारी घरं उघडी पडली. त्याच कराराने मुरगावची रेल्वे आली, तिने बाहेर पडणं सोपं केलं. शिवाय इंग्रजांना गोवेकर ख्रिस्ती माणूस स्वयंपाकघरात हवाच होता. गोमांस, डुकराचं मांस, दारू, कशालाच त्याची ना नव्हती. त्यामुळे बोटीवर कामाची वाटणी ठरून गेली. डेकवर रत्नागिरी आणि काठियावाडकडचे खलाशी, इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण, आणि सलूनमध्ये गोवेकर: कुक, बेकर, बटलर, स्टुअर्ड. पी अँड ओ, अँकर लाइन, ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं.

लहानपणी मी मामाबरोबर एकदा आजोळच्या कुडीत गेले होते. धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोर जेर महाल ही जुनी इमारत आहे. खाली कयानीचं इराणी हॉटेल, वर लाकडी जिना आणि मजल्यामजल्यावर कुडी. बायकांना आत मज्जाव होता. मी फ्रॉकमधली पोर, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. एक लांबलचक हॉल. खाटा नाहीत. भिंतीलगत पत्र्याच्या आणि लाकडाच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात माणसाचं नाव आणि गाव. पेटीवर गुंडाळलेली चटई आणि उशी. पेटी ज्या भिंतीला, त्या भिंतीशी त्या माणसाची झोपायची जागा. तो बोटीवर गेला तरी पेटी तिथेच राहायची आणि तिला कुणी हात लावत नसे. मामाने शापायची पेटी मला उघडून दाखवली. डांबरगोळ्यांचा वास, इस्त्री केलेला पांढरा कोट, शामायची, म्हणजे आजीची, पत्रं सुतळीने बांधलेली, एका बिस्किटाच्या डब्यात बटणं आणि सुईदोरा. बाप घरी नसताना तो कसा राहतो हे आईने कधी पाहिलं नव्हतं. घरी परतल्यावर तिने मला पेटीतली एकेक वस्तू पुन्हा पुन्हा विचारली.

हॉलच्या टोकाला आल्तार, त्यावर गावच्या पाद्रोनाची, म्हणजे रक्षक संताची, मूर्ती, शेजारी सेंट झेवियर. रात्री आठच्या सुमाराला घंटा व्हायची की असेल त्याने हातातलं काम ठेवून तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायचं. ही सक्ती होती. न बसणाऱ्याला दंड. पिऊन गोंधळ घालणाऱ्याला कुडीबाहेर काढत आणि ती बातमी पुढच्या पत्राने गावात जाई. आजच्या मुलांना हा जाच वाटेल. मला त्यात शहाणपण दिसतं. अठरा-वीस वर्षांचं पोर, खिशात पहिला पगार, भोवती अनोळखी शहर; त्याने दिवसातून एकदा तरी आपल्या गावच्या पन्नास माणसांच्या नजरेसमोर बसावं, ही त्यामागची योजना. एखादा दोन दिवस तेर्साला दिसला नाही तर तो आजारी आहे की कुठे अडकलाय, याची चौकशी आपोआप व्हायची.

खरी कसोटी बोट मिळेपर्यंतच्या दिवसांत लागायची. एक सफर संपली की दुसरी लगेच मिळेल असं नसे. महिनोन्‌महिने माणसं बसून राहत. नली, म्हणजे बोटीवरच्या नोकऱ्यांची नोंदवही, जवळ असली तरी नाव लागायला मधल्या दलालाचा हात ओला करावा लागे. घाट सारंगांच्या या वसुलीबद्दल कामगारांविषयीच्या 1931च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही लिहिलं गेलं. आधीच हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका, त्यातून हा हप्ता. रिकाम्या दिवसांत कूड भाड्यासाठी तगादा लावत नसे. वर्गणी वहीत मांडून ठेवत, बोट मिळाली की फेडायची. जेवणाचं ज्याचं त्याने बघायचं, पण ज्याची चूल पेटली नाही त्याला शेजारच्या ताटातला पाव मिळायचा. शापाय म्हणायचे, बोटीवर आठ महिने राबलो त्याचा थकवा कधी आला नाही, कुडीत रिकामा बसलो त्याचा आला.

मुंबई हा पहिला टप्पा. तिथून माणसं पार लांब पांगली. 1908मध्ये इराणात तेल लागलं आणि अबादानच्या रिफायनरीसाठी कारकून, कुक, मेकॅनिक मुंबईतून भरले जाऊ लागले. त्यात गोवेकर पुष्कळ. 1951मध्ये इराणने ते तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं, तेव्हा ओघ कुवेत आणि बहरीनकडे वळला. दुसरी वाट पूर्व आफ्रिकेची. नैरोबी शहर जेमतेम उभं राहत होतं तेव्हा तिथे पहिला खाजगी दवाखाना घातला तो डॉ. रोझेंदो रिबेरो या गोवेकराने. तो रोगी बघायला झेब्र्यावर बसून जायचा. 1902ची प्लेगची साथ त्यानेच ओळखली. त्याची गोष्ट सगळे सांगतात. त्याच वाटेने बोटींच्या डेकवर बसून गेलेल्या शिंप्यांची आणि कारकुनांची कुणी सांगत नाही. अशीच ‘तिलावा’ ही बोट मुंबईहून मोंबासाच्या वाटेवर होती. 23 नोव्हेंबर 1942ला जपानी पाणबुडीने ती बुडवली. 958 माणसांपैकी 280 गेली. त्या आठवड्यात धोबी तलावच्या कुडीकुडीत नावांच्या याद्या वाचल्या जात होत्या, असं शापाय सांगत. आपल्या गावचं नाव नाही हे कळल्यावर सुटकेचा श्वास टाकला, आणि शेजारच्या कुडीतून रडणं ऐकू आल्यावर त्याची लाज वाटली, हेही ते सांगत.

मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते इथून पुढे आहे.

पुरुषांसाठी गावाने मुंबईत घर केलं. मागे राहिलेल्या बायकांसाठी काय केलं? शामाय चाळीस वर्षं त्या घरात जवळजवळ एकटी राहिली. सासू-सासऱ्यांचं दुखणं, मुलांची शाळा, भाटकाराची कामं, गळणारं छप्पर, सगळं तिच्या अंगावर. तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्याचं पत्र शेजारच्या मास्तरकडून वाचून घ्यायची आणि उत्तरही त्याच्याकडूनच लिहवून घ्यायची. म्हणजे नवऱ्याला सांगायचं ते आधी परक्या पुरुषाला सांगायचं. सुतळीने बांधलेली ती पत्रं आता माझ्याकडे आहेत. त्यांत भात किती झालं, डुक्कर कितीला विकलं, थोरल्याला ताप आहे, एवढंच. दुसरं काही ती मास्तरला कशी सांगणार?

1955मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली. आगगाड्या थांबल्या, बोटी थांबल्या, मुंबईहून पैसे पाठवायची वाट बंद झाली. आमचं घर सावंतवाडीत, म्हणजे हद्दीच्या अलीकडे. शापायच्या भावाला एकदा पैसे पोचवायचे होते, तेव्हा तो बांद्यापर्यंत आला, ओळखीच्या माणसाच्या हाती रक्कम दिली आणि परत फिरला. गाव तिथून काही तासांच्या चालीवर. त्या काळात शामायने सोन्याच्या बांगड्या मोडल्या. त्याचा हिशेब कुठल्याही कुडीच्या वहीत सापडणार नाही.

आणि ज्या बायका स्वतः बाहेर पडल्या त्यांचं तर नावच नाही. गोव्याच्या कितीतरी बायका मुंबईत गोऱ्या साहेबांच्या घरी आया होत्या. मडमेबरोबर, तिच्या मुलांना सांभाळत, त्या थेट लंडनला जायच्या. परतीच्या तिकिटाचा करार असला तर ठीक, नाहीतर तिथे पोचल्यावर काम संपलं म्हणून सोडून दिलेल्याही होत्या. अशा बायकांसाठी लंडनच्या हॅकनीत आयांचं घर होतं, 1900 पासून ते लंडन सिटी मिशन चालवत असे. वर्षाला शंभरेक आया तिथे उतरत आणि परत नेणारी दुसरी मडम मिळेपर्यंत थांबत. परेरा आडनावाच्या एका आयेने 54 वेळा हा समुद्र ओलांडल्याची नोंद आहे. अनोळखी थंड देशात, अनोळखी मिशनरी लोकांच्या छपराखाली. मुंबईत मात्र तिच्यासारखीला आपल्याच गावच्या कुडीचा जिना चढायची परवानगी नव्हती. कुडीवर माझा जीव आहे, आणि हे मला तिचं मोठं उणेपण वाटतं.

माझी भाची आज आयर्लंडमध्ये नर्स आहे. गेली तेव्हा एकटी गेली. घरमालकाने दोन महिन्यांचं भाडं अनामत मागितलं, आणि बँकेत खातं उघडायला राहत्या पत्त्याचा पुरावा. पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही, असं चक्र. रात्रपाळी संपवून सकाळी ती मला फोन करायची आणि नुसती गप्प बसायची. मी पलीकडून भांडी घासत राहायचे, तिला तेवढा आवाज पुरे असायचा. शापायला नली, पेटी आणि झोपायला भिंत मिळाली होती. तिच्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त शिक्षण, जास्त पगार, आणि पहिल्या रात्री दार ठोठावावं असं गावचं एकही दार नाही.

कुडी आता ओस पडत चालल्यात. बोटीची भरती ऑफिसांतून आणि फोनवरून होते, गोव्याहून विमानं सुटतात. काही कुडींत चार-दोन म्हातारे आहेत, जागेची किंमत मात्र डोळे फिरवणारी. आमच्या आजोळच्या कुडीच्या मंडळाला मी पत्र लिहिलं: हॉलचा रस्त्याकडचा अर्धा भाग लाकडी भिंत घालून वेगळा करा, व्हिसाच्या आणि परीक्षांच्या कामासाठी मुंबईत येणाऱ्या गावच्या मुलींना तिथे उतरू द्या, आणि गावचं कोण कुठल्या देशात आहे त्याची नाव-नंबरांसकट एक वही ठेवा, वही लिहायचं काम मी करते. सेक्रेटरींचं उत्तर आलं. वहीला त्यांची हरकत नाही. मुलींचा विषय गावच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, वेळी सर्वसाधारण सभेत घेऊ म्हणतात. मी सभासद नाही, त्यामुळे सभेत मला बोलता येणार नाही. मामाच्या मुलाला सगळं लिहून दिलं आहे.