नळीतले आकडे आणि तारेतली सीमा

निक्सी नळीचे घड्याळ मी घरी जुळवले. काचेच्या छोट्या नळीत निऑन वायू कोंडलेला आणि त्यात एकामागे एक उभे केलेले तारेचे दहा आकडे. साधारण १७० व्होल्ट दिले की ज्या आकड्याला वीज पोचते त्याच्याभोवती नारिंगी प्रभा पसरते, समईच्या वातीसारखी. अमेरिकेत बरोज कंपनीने १९५५ साली या नळ्या बाजारात आणल्या. पुढे एलईडी आले नि त्या मागे पडल्या. सोव्हिएत कारखाने मात्र त्या बराच काळ काढत राहिले. आजचे बहुतेक हौशी त्याच शिल्लक मालावर काम भागवतात. माझ्या नळ्या आयएन-१२ जातीच्या. यातला ५ नीट पाहा, तो चक्क उलटा लावलेला २ आहे!

पण नळी वेळ दाखवते, मोजत नाही. मोजण्याची एक जुनी सोपी रीत म्हणजे घरातल्या विजेचे ठोके धरणे. वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, पन्नास मोजली की झाला सेकंद. आपल्याकडे मागणी वाढली की ही आवर्तने घसरत. ती ४९.५ वर राहिली तर घड्याळ तासाला ३६ सेकंद, म्हणजे दिवसाला चौदा मिनिटांहून अधिक मागे पडणार.

आता असे घड्याळ बेळगाव-निपाणीला नेऊन पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, ते सगळे आपण वाचत आलो. विजेचे विभागही राज्यांच्याच सीमांवर आखले गेले, हे मात्र कोणी बोलत नाही. कर्नाटक दक्षिण विभागात. महाराष्ट्र आणि आपला गोवा पश्चिम विभागात. दोन्ही जाळी वेगळ्या ठोक्यावर चालत. भद्रावतीसारख्या केंद्रातून वीज एकदिश प्रवाह करून पलीकडे पाठवली जाई. वीज जाई, ठोका जात नसे. म्हणजे निपाणीचे घड्याळ दक्षिणेच्या तालावर आणि पलीकडचे कागलचे पश्चिमेच्या. दोन्ही गावांची भाषा एक, बाजार एक, घड्याळे मात्र सकाळी जुळवली तरी रात्री फारकत घेणार.

आम्हां गोमंतकीयांना वेळेची सीमा नवी नाही. पोर्तुगीजांनी १९१२ पासून इथली वेळ ग्रिनिचच्या पाच तास पुढे ठेवली, ब्रिटिश हिंदुस्थानची साडेपाच. घाट चढला की अर्धा तास गेला! पण तो फरक सरकारी हुकुमाचा, सर्वांना ठाऊक असलेला. तारेतला फरक कोणाला दिसलाच नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एका ठोक्यावर आला. गंमत पाहा, त्यातले सोलापूरही सीमावादात कर्नाटकाने मागितलेले. तेव्हापासून निपाणी, कागल आणि फोंडा चुकले तर एकदमच चुकतात.

क्वार्ट्झचा स्फटिक लावला असता तर माझे घड्याळ अधिक अचूक चालले असते. मी मुद्दाम छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून तारेचाच ठोका घेतला आहे. रात्री जेवण झाले की मोबाईलशी ताडून पाहतो. काल अकरा सेकंद पुढे होते.