वडिलांची फियाट

१९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले, तरी आमच्या घरात तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचे स्मरत नाही. ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. मूळची इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई.

इंजिन १०८९ सीसीचे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. हा तपशील क्षुल्लक नाही. दांडा वर असल्याने जुन्या गाड्यांत पुढची बैठक सलग ठेवता येई, आणि आईवडिलांच्या मधोमध एका मुलाची सोय होई. त्या पिढीच्या मोटारस्मृतींतील ऊब बरीचशी या यांत्रिक रचनेची देणगी आहे. (पट्टे नव्हते, हेही खरे.) थंडीतल्या सकाळी वडील चोक ओढून गाडीची मनधरणी करीत, तेव्हा आम्ही श्वास रोखून बसत असू.

मात्र या जिव्हाळ्यामागे टंचाईही होती. परवानापद्धतीमुळे नोंदणीनंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली गाडी सांभाळण्यावाचून गत्यंतर नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि कित्येक घरांतील निष्ठा विरली. आमच्याही.

पद्मिनीचे उत्पादन शतक पालटताना थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. अशा टॅक्सीत बसले की वडील पत्ता सांगण्याआधी चालकाला विचारीत, “दुसरा गिअर अडतो का हो?”