आम्ही की आपण? : तामिळ आणि मंगोल भाषांच्या नात्याचा शोध



मी भाषाशास्त्राचा पंडित नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि तामिळ मी शिकलो ती धारावीतल्या गेटसभांसाठी. पुढे रद्दीवाल्याकडे मंगोल भाषेचे एक व्याकरण हाती लागले. ते तामिळ व्याकरणाशेजारी ठेवले मात्र, आणि रात्रभर झोप आली नाही. कावेरीकाठची भाषा आणि गोबी वाळवंटापलीकडची भाषा, पण बांधणी पाहावी तर एकाच गवंड्याची!

तामिळमध्ये 'वीडु' म्हणजे घर. अनेकवचनाला 'गळ' लावा, मग 'मध्ये' या अर्थाचा 'इल' लावा. 'वीडुगळिल', म्हणजे घरांत. मंगोलमध्ये 'गेर' म्हणजे घर, तेच गोल तंबूचे घर. त्याला अनेकवचनाचा 'ऊद' आणि वर 'एद' लावला की 'गेरूदेद', घरांत. विटेवर वीट चढावी तसे प्रत्यय चढत जातात. क्रियापद दोघांतही शेवटी. "मी वाचलेले पुस्तक" हे तामिळमध्ये 'नान पडित्त पुत्तगम', मंगोलमध्ये 'मिनी उनश्सान नोम'. शब्दांचा क्रम मराठीसारखाच.

हे साम्य पाहून माझ्यासारखा अर्धशिक्षित चकित झाला तर नवल नाही, कारण मोठमोठे विद्वानही चकित झाले होते. दक्षिणेकडील भाषा संस्कृतपासून जन्मल्या नसून त्यांचे कूळ वेगळे आहे, हे मद्रासचा कलेक्टर एलिस याने 1816 साली दाखवले होते. मग हे कूळ आले कोठून? 1854 मध्ये मॅक्स म्युलरने 'तुराणी' नावाचे एक अवाढव्य गाठोडे बांधले आणि त्यात तुर्की, मंगोल, तामिळ सारे कोंबले. दोनच वर्षांनी तिरुनेलवेलीकडील मिशनरी रॉबर्ट कॉल्डवेल याचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध झाले. ग्रंथ थोर आहे. आजही अभ्यासक त्याला मान देतात. पण त्यातही द्राविडी भाषांचे नाते 'सिथियन' भाषांशी, म्हणजे फिनिश, तुर्की, मंगोल इत्यादींशी जोडले होते. त्यातल्या त्यात फिनिश गटाकडे त्याचा कल अधिक होता. सिथियन म्हणजे आपल्या इतिहासातले शक.

येथे एक घोटाळा झाला. त्या शतकाला भाषेवरून वंश ठरवण्याची खोड होती. प्रत्यय जुळले की रक्त जुळले, आणि रक्त जुळले की माणूस बाहेरून आला! धारावीतली पुष्कळ तामिळ कुटुंबे मूळची त्याच तिरुनेलवेलीकडची. मुंबईत त्यांना 'बाहेरचे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ग्रंथांतूनही तेच ऐकावे लागावे, याचे मला वाईट वाटले, आणि म्हणून मी या वादाच्या मुळाशी जायचे ठरवले.

नाते ठरते ते साध्या शब्दांतील ध्वनींच्या नियमित जुळणीवर. तामिळ आणि कानडी घ्या. दूध : 'पाल', 'हालु'. दात : 'पल', 'हल्लु'. वाघ : 'पुलि', 'हुलि'. तामिळच्या आरंभीच्या 'प'समोर कानडीत पुन्हा पुन्हा 'ह' उभा राहतो, आणि जुन्या कानडीत तेथे 'प'च होता. याला म्हणतात नाते. आता मंगोल पाहा : दूध 'सू', दात 'श्युद', वाघ 'बार'. कोठे काही जुळते का? एखादा सुटा शब्द भेटतो, पण तो फसवतो. तामिळमध्ये 'कल' म्हणजे दगड, मंगोलमध्ये 'गल' म्हणजे अग्नी. एवढेच कशाला, मंगोल 'गेर' आणि आपले 'घर' कसे जुळे भाऊ दिसतात! पण आपले घर संस्कृत 'गृह'पासून प्राकृतमार्गे आले. गेरशी त्याचा काही संबंध नाही.

बरो आणि एमेनो यांनी 1961 मध्ये द्राविडी शब्दांच्या व्युत्पत्तीचा मोठा कोश काढला, तो अशाच जुळण्यांच्या बळावर. तामिळ-मंगोल नात्यासाठी सर्वांना पटेल असा पुरावा मात्र आजवर उभा राहिलेला नाही. मंगोल आणि तुर्की यांच्या नात्याबद्दलच विद्वानांत वाद आहे, तर तामिळची गोष्ट दूरच. बारकाईने पाहता बांधणीतही फरक सापडतो. तामिळ क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, 'पोगिरेन', 'पोगिराय'. मंगोलमध्ये मी, तू, तो, सर्वांना एकच 'यावना'. मंगोल प्रत्यय शब्दातल्या स्वराशी सूर जुळवतो : 'गेरेस' म्हणजे घरातून, पण 'गरास' म्हणजे हातातून. तामिळमध्ये हा नियम नाही.

एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. शब्दाच्या आरंभी 'र' दोन्ही भाषांना मुळात चालत नसे. संस्कृत 'रत्न' दोघींच्या दारात गेले. तामिळने त्याला 'इरत्तिनम' केले. मंगोलकडे ते बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून फिरत गेले आणि 'एर्देने' झाले. काराकोरमजवळ 1585 च्या सुमारास उभारलेल्या विहाराचे नाव 'एर्देने झू' आहे, त्यात आपले रत्न बसले आहे. एकाच पाहुण्याला दोन घरांनी उंबऱ्यावर तसाच एक स्वर दिला, आणि तरीही ती घरे सोयरी नव्हेत!

आता शेवटचा मुद्दा, माझ्या धंद्याचा. तामिळमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचने दोन : ऐकणाऱ्याला वगळून 'नांगळ', त्याला धरून 'नाम'. आपलेही तसेच, आम्ही आणि आपण. हा भेद आपल्याकडे द्राविडी सहवासातून आला असे बरेच अभ्यासक मानतात. तेराव्या शतकातील 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथाच्या भाषेतही हा भेद आहे : वगळणारा 'बा', सामावणारा 'बिदा'. आजच्या मंगोल बोलीत कर्त्याच्या जागी 'बिद' तेवढा उरला आहे.

मराठी माणसाला हे शिकवावे लागू नये. पण तीसएक वर्षांपूर्वी पहिल्याच तामिळ गेटसभेत मी मुंबईच्या हिंदीतले 'हम' डोक्यात धरून गरजलो, "नांगळ पोराडुवोम!" म्हणजे, आम्ही लढणार. मागून एका वृद्ध कामगाराने विचारले, "तुम्ही लढा. मग आम्ही काय करायचे?" सारी सभा हसली. मी वाक्य बदलले, "नाम पोराडुवोम." सभा पुढे तासभर चालली, आणि मागणीपत्राचा माझा तामिळ मसुदा त्या वृद्धाने दुसऱ्या दिवशी सबंध नव्याने लिहून आणला.